खिडकीला फिल्म लावून घर थंड होतं का? वीजबिल नेमकं किती वाचतं?

एप्रिल उजाडला की मोबाईलवर एक रील हमखास दिसायला लागते. टेबलावर काचेचे दोन तुकडे उभे असतात. एक साधा, दुसऱ्यावर फिल्म चिकटवलेली. मागे लाल रंगाचा मोठा बल्ब. साध्या काचेपुढे हात धरला की चटका बसतो, फिल्मच्या काचेपुढे काहीच जाणवत नाही. मग किंमत, फोन नंबर आणि 'वीजबिल निम्मं करा' असं आश्वासन.

एसीचं बिल बघून धास्तावलेल्या माणसाला हे पटतंही. फिल्म लावायला भिंत फोडावी लागत नाही, दोन तासांत काम होतं आणि एसीच्या मानाने खर्चही कमी. त्यामुळे अनेक जण घरातल्या सगळ्या खिडक्यांचं माप देऊन मोकळे होतात.

फिल्म काम करते का? करते. त्यामागचं विज्ञान पक्कं आहे. पण ती प्रत्येक घरात, प्रत्येक खिडकीवर सारखं काम करत नाही. एका घरात ती चार-पाच वर्षांत स्वतःची किंमत वसूल करते, तर शेजारच्याच घरात तिचा एक रुपयाही परत येत नाही. हा फरक कशामुळे पडतो, ते समजून घेऊ.

खिडकीतून उष्णता आत येते कशी?

उन्हात तीन गोष्टी असतात. डोळ्यांना दिसणारा प्रकाश, न दिसणारे अतिनील म्हणजे अल्ट्राव्हायोलेट किरण आणि न दिसणारे इन्फ्रारेड किरण. जमिनीवर पोहोचणाऱ्या ऊर्जेपैकी ढोबळमानाने निम्मी इन्फ्रारेडमधून येते, निम्म्याहून थोडी कमी दिसणाऱ्या प्रकाशातून आणि उरलेली जेमतेम ५ टक्क्यांच्या आसपास अतिनील किरणांतून.

साधी काच यातलं बहुतेक सगळं आत सोडते. आत आलेलं ऊन फरशीवर, सोफ्यावर, भिंतीवर पडतं आणि त्या वस्तू तापतात. तापलेल्या वस्तूही उष्णता बाहेर टाकतात, पण ती वेगळ्या प्रकारची इन्फ्रारेड असते आणि काच तिला बाहेर जाऊ देत नाही. उन्हात काचा बंद करून उभी ठेवलेली गाडी भट्टीसारखी का तापते, याचं उत्तर हेच.

काच किती उष्णता आत सोडते हे मोजायला एक आकडा वापरतात. त्याला एसएचजीसी म्हणतात, म्हणजे सोलर हीट गेन कोएफिशंट. तो ० ते १ च्या दरम्यान असतो. घरांमध्ये वापरल्या जाणाऱ्या साध्या पारदर्शक काचेचा एसएचजीसी साधारण ०.८२ ते ०.८७ असतो. सोप्या भाषेत, काचेवर १०० भाग उष्णता पडली तर ८२ ते ८७ भाग घरात येते.

फिल्म नेमकं काय करते?

खिडकीची फिल्म म्हणजे पॉलिएस्टरचा पातळ थर. त्याच्या एका बाजूला चिकट द्रव्य असतं आणि आत रंग, धातूचा अतिशय पातळ लेप किंवा सिरॅमिकचे सूक्ष्म कण. हे तंत्रज्ञान अमेरिकेत १९६० च्या दशकात विकसित झालं आणि १९७३ च्या तेलसंकटानंतर ऊर्जा वाचवण्याची गरज वाढली तशी त्याला मागणी आली.

फिल्म ऊन दोन प्रकारे अडवते. एक तर ते परत बाहेर फेकते किंवा स्वतः शोषून घेते. यातला फरक महत्त्वाचा आहे.

रंगाची काळी फिल्म प्रामुख्याने ऊन शोषते. शोषल्यामुळे काच तापते आणि त्या उष्णतेचा काही भाग घरातच उतरतो. खोलीत अंधार होतो, त्यामुळे थंड वाटतं. प्रत्यक्षात उष्णता मात्र अपेक्षेइतकी कमी झालेली नसते. शिवाय स्वस्त रंगाची फिल्म काही वर्षांत उन्हाने विटते आणि जांभळट दिसायला लागते.

धातूचा लेप असलेली, आरशासारखी चमकणारी फिल्म ऊन परत फेकते. उष्णता अडवण्यात ती सहसा सरस असते. तिसरा प्रकार निवडक फिल्मचा. ती दिसणारा प्रकाश बऱ्यापैकी आत सोडते आणि इन्फ्रारेड अडवते. ही सगळ्यात महाग, पण खोली अंधारी होत नाही.

चांगली फिल्म साध्या काचेचा एसएचजीसी ०.८२ वरून ०.४५ च्या आसपास आणू शकते. गडद आरशासारख्या फिल्म त्याहूनही खाली नेतात. म्हणजे खिडकीतून येणारी उन्हाची उष्णता जवळपास निम्मी होऊ शकते. पण 'खिडकीतून येणारी उष्णता निम्मी' आणि 'वीजबिल निम्मं' या दोन वाक्यांत बरंच अंतर आहे.

मग लाल बल्बच्या डेमोत गडबड काय?

डेमोतला बल्ब हीट लॅम्प असतो. त्याची बहुतेक सगळी ऊर्जा इन्फ्रारेडमध्ये असते. खऱ्या उन्हात इन्फ्रारेड निम्मीच. त्यामुळे इन्फ्रारेड अडवणारी फिल्म बल्बसमोर जितकी भारी वाटते, तितकी ती खिडकीवर ठरत नाही. शिवाय हात काही सेकंदच धरला जातो. शोषून घेणारी फिल्म हळूहळू तापून खोलीत उष्णता सोडते, ते तेवढ्या वेळात कळतच नाही.

जाहिरातीतल्या आकड्यांचंही तसंच आहे. '९७ टक्के हीट रिजेक्शन' असं लिहिलेलं असतं, तेव्हा अनेकदा तो आकडा फक्त इन्फ्रारेडचा असतो. कधीकधी तर इन्फ्रारेडच्याही एका छोट्याशा पट्ट्यातच मोजलेला. '९९ टक्के यूव्ही प्रोटेक्शन' हे खरं असू शकतं. त्याने पडदे आणि फर्निचर विटणं कमी होतं, त्वचेलाही फायदा होतो. पण उन्हाच्या ऊर्जेत अतिनीलचा वाटाच इतका छोटा आहे की घर थंड होण्याशी त्याचा फारसा संबंध नाही.

दुकानदाराला विचारायचे आकडे दोनच. पहिला टीएसईआर, म्हणजे उन्हाच्या एकूण ऊर्जेपैकी किती अडवली जाते. तो ५५ टक्के असेल तर एसएचजीसी ०.४५, कारण दोन्हींची बेरीज १०० टक्के होते. दुसरा व्हीएलटी, म्हणजे दिसणारा प्रकाश किती टक्के आत येतो. हे दोन्ही आकडे कंपनीच्या छापील माहितीपत्रकात दिसत नसतील तर तो माल सोडलेला बरा.

कोणत्या खिडकीला फिल्म लावायची?

याचं उत्तर शून्य सावली दिवसात आहे. मुंबई आणि पुण्यात मे महिन्याच्या मध्याला आणि नागपुरात मेच्या शेवटच्या आठवड्यात दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो. उभ्या केलेल्या काठीची सावली दिसेनाशी होते. शाळेतल्या मुलांसाठी तो गमतीचा प्रयोग असतो, पण घराच्या दृष्टीने त्याचा अर्थ फार उपयोगाचा आहे.

सूर्य डोक्यावर असताना ऊन उभ्या खिडकीवर पडत नाही, ते गच्चीवर पडतं. त्यामुळे ऐन उन्हाळ्यात दक्षिणेच्या खिडकीतून दुपारचं थेट ऊन जवळजवळ येतच नाही. जे काही येतं ते छोटासा छज्जाही अडवू शकतो. उत्तरेच्या खिडकीतूनही उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळी तिरपं ऊन येतं तेवढंच.

खरा ताप पूर्व आणि पश्चिमेच्या खिडक्यांचा. सूर्य खाली असताना ऊन काचेवर समोरून पडतं. छज्जा त्याला अडवू शकत नाही, कारण ऊन छज्ज्याच्या खालून येतं. त्यातही पश्चिम जास्त त्रासाची. सकाळी हवा आणि भिंती अजून थंड असतात. दुपारी तीननंतर मात्र भिंती तापलेल्या, हवा तापलेली आणि वर ऊन थेट हॉलमध्ये. रात्री अकरालाही पश्चिमेची खोली का धुमसते, त्याचं कारण ही दुपार.

ऑक्टोबरपासून सूर्य दक्षिणेकडे कलतो. तेव्हा दक्षिणेच्या खिडकीतून ऊन आत येऊ लागतं. ऑक्टोबर हीटमध्ये त्याचा त्रास होतो, पण डिसेंबर-जानेवारीत नाशिक किंवा नागपुरातल्या घराला तेच ऊन हवंसं वाटतं. फिल्म काही हिवाळ्यात काढून ठेवता येत नाही.

म्हणजे सगळ्या खिडक्यांचं माप देण्याआधी एक साधं काम करता येईल. सुट्टीच्या दिवशी सकाळी नऊ, दुपारी एक आणि दुपारी चार वाजता घरात फिरून बघायचं की थेट ऊन कुठल्या काचेतून येतंय. समोर दुसरी इमारत किंवा मोठं झाड असेल तर पश्चिमेची खिडकीसुद्धा सावलीत असू शकते. जिथे ऊन पडतच नाही, तिथे लावलेली फिल्म ऊन अडवणार कुठलं?

पैशांचा हिशेब काय सांगतो?

एक उदाहरण घेऊ. समजा, बाल्कनी आत घेऊन मोठा केलेला एक हॉल आहे. त्याला पश्चिमेकडे आठ फूट बाय सात फुटांचं काचेचं स्लायडिंग आहे. म्हणजे ५६ चौरस फूट, सुमारे ५.२ चौरस मीटर काच.

स्वच्छ उन्हाळी दुपारी पश्चिमेच्या काचेवर दर चौरस मीटरला साधारण ६०० वॅट ऊर्जा पडते असं धरू. साध्या काचेतून सुमारे २,५५० वॅट उष्णता आत येईल. दीड टनाच्या एसीची थंड करण्याची ताकद साधारण ५,२५० वॅट असते. म्हणजे जवळपास अर्धा एसी फक्त या एका स्लायडिंगशी झगडण्यात खर्च होतोय.

०.४५ एसएचजीसीची फिल्म लावली तर आत येणारी उष्णता सुमारे १,४०० वॅटवर येईल. वाचले ११५० वॅट. पण ही उष्णता आहे, वीज नाही. चांगला एसी एक युनिट वीज वापरून साधारण साडेतीन युनिट उष्णता बाहेर फेकतो. म्हणजे विजेची बचत सुमारे ३३० वॅट.

रोज दुपारी चार तास एसी चालत असेल तर दिवसाला १.३ युनिट. उन्हाळ्याच्या ९० दिवसांत सुमारे ११९ युनिट. दर युनिटला १२ रुपये धरले तर १,४२५ रुपये. फिल्म लावून १२० रुपये चौरस फूट दराने पडली तर खर्च ६,७२० रुपये. वसुली पावणेपाच वर्षांत. दर आणि ऊन बदललं की हा हिशेबही बदलेल. शिवाय यात चारही तास कडक ऊन धरलंय, त्यामुळे ही बचतीची वरची बाजू समजायला हवी.

आता याच हॉलमध्ये एक बदल करू. घरातले सगळे दिवसभर कामावर असतात आणि एसी फक्त रात्री बेडरूममध्ये लागतो. मग दुपारची ही बचत जवळपास शून्य. भिंती आणि फरशी कमी तापल्याने संध्याकाळी घरी आल्यावर बरं वाटेल, पण बिलात फरक दिसणार नाही. उलट घरात आजी-आजोबा असतील, लहान मूल असेल किंवा कुणी घरून काम करत असेल आणि दुपारीच एसी लागत असेल, तर तीच फिल्म खरी कामाची.

बिलाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. महावितरणचे घरगुती दर ०-१००, १०१-३००, ३०१-५०० आणि ५०० च्या वर अशा टप्प्यांत वाढत जातात. वाचलेलं युनिट नेहमी सगळ्यात वरच्या, म्हणजे सगळ्यात महाग टप्प्यातलं असतं. त्यामुळे महिन्याला ३०० युनिटच्या वर जाणाऱ्या घराला बचत जास्त जाणवते. १०० युनिटच्या आत असलेल्या घराला फिल्मचा खर्च बिलातून कधीच भरून निघणार नाही.

फिल्म कुठे उपयोगाची नाही?

*खिडकी उघडी असेल तर.* मुंबई आणि कोकणातल्या दमट हवेत बरीच घरं एसीवर नाही, तर वाऱ्यावर चालतात. खिडकी उघडी असली की ऊनही तिथूनच येतं आणि गरम हवाही. फिल्म लावलेली काच बाजूला सरकलेली असते.

*बाहेरची हवाच तापलेली असेल तर.* विदर्भात पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा उष्णता उन्हाशिवायही काचेतून आत झिरपते, कारण बाहेर आणि आत तापमानाचा मोठा फरक असतो. साधी फिल्म ही उष्णता फारशी थांबवत नाही. त्यासाठी दुहेरी काच किंवा लो-ई प्रकारची फिल्म लागते.

*शेवटच्या मजल्यावर असाल तर.* इथे खरी तापते ती गच्ची. वर सांगितलेल्या उदाहरणात पश्चिमेची काच ५.२ चौरस मीटर होती. ६०० चौरस फुटांच्या घरावरची गच्ची सुमारे ५६ चौरस मीटर असते आणि मे महिन्यात ती दिवसभर उन्हात असते. स्लॅब दिवसा उष्णता साठवतो आणि रात्री घरात सोडतो. रात्री नऊला छताला हात लावून बघा. छत गरम लागत असेल तर पहिला पैसा गच्चीवर पांढरा, ऊन परावर्तित करणारा थर देण्यावर खर्च व्हायला हवा. तेलंगणाने २०२३ मध्ये यासाठी 'कूल रूफ' धोरणच आणलं आहे.

*पावसाळ्यात.* जून ते सप्टेंबर आभाळ भरलेलं असतं. गडद फिल्म लावलेल्या खोलीत भर दुपारी दिवे लावावे लागतात. त्यामुळे फिल्म निवडताना व्हीएलटी बघणं महत्त्वाचं.

लावण्याआधी काय तपासायचं?

पहिली गोष्ट काच. फिल्म ऊन शोषते तेव्हा काचेचा मधला भाग तापतो, पण फ्रेममध्ये दडलेल्या कडा थंड राहतात. हा फरक वाढला की काच तडकू शकते. जाळीची काच, आधीच रंगीत असलेली काच, लॅमिनेटेड काच आणि कड टवका उडालेली काच यांना धोका जास्त. अर्ध्या काचेवर सावली आणि अर्धीवर ऊन पडत असेल तरीही. टफन्ड काचेला धोका कमी. दुहेरी काच असेल तर आधी काच बसवणाऱ्या कंपनीला विचारायला हवं, नाहीतर काचेची वॉरंटी जाऊ शकते.

दुसरी गोष्ट खासगीपणा. आरशासारख्या फिल्ममुळे दिवसा बाहेरून आतलं दिसत नाही. पण रात्री आत दिवा लागला की खेळ उलटतो. बाहेरच्याला सगळं दिसतं आणि आतल्याला स्वतःचंच प्रतिबिंब. म्हणजे पडदे काढून टाकता येत नाहीत.

तिसरी, मोबाईलची रेंज. धातूच्या लेपाची फिल्म सिग्नल काही प्रमाणात अडवते. घरात आधीच रेंजची बोंब असेल तर सिरॅमिकची फिल्म बरी.

चौथी, शेजारी. चमकणारी फिल्म ऊन परत फेकते ते कुठेतरी जातंच. समोरच्या इमारतीत त्याचा त्रास होऊ शकतो आणि काचेत आभाळ दिसल्याने पक्षी येऊन आदळतात. इमारतीचं बाहेरून दिसणारं रूप बदलत असल्याने सोसायटीला आधी विचारलेलं चांगलं. भाड्याचं घर असेल तर घरमालकाला विचारायला हवं. आणि हेही लक्षात घ्यायला हवं की पाच वर्षांत वसूल होणारा खर्च अकरा महिन्यांच्या करारात वसूल होणार नाही.

गाड्यांच्या काळ्या काचांवर बंदी आहे, मग घराला चालेल का, असाही प्रश्न अनेकांना पडतो. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१२ मध्ये दिलेला निकाल मोटार वाहन नियमांवर होता. घराच्या खिडक्यांशी त्याचा संबंध नाही.

फिल्मपेक्षा स्वस्त काही आहे का?

आहे, आणि बऱ्याचदा जास्त परिणामकारकही. ऊन काचेला लागण्याआधीच अडवलं तर सगळ्यात उत्तम. बाहेरून लावलेली बांबूची चिक, ताट्या, हिरवी नेट किंवा वेल हे काम फिल्मइतकंच, कधी त्याहून चांगलं करतात. पडदा आतून असतो, म्हणजे ऊन काचेतून आत आल्यानंतर त्याला भेटतं, त्यामुळे त्याचा उपयोग कमी. तरी पडद्याला बाहेरच्या बाजूने पांढरं अस्तर असेल तर काही ऊन काचेतूनच परत जातं.

पण बाविसाव्या मजल्यावर चिक टांगता येत नाही. वाऱ्याचा जोर असतो, पडली तर खालच्याचा जीव जाऊ शकतो आणि बाहेर काही लावायला सोसायटीची मनाई असते. फिल्मची खरी जागा इथे आहे. उंच इमारत, पश्चिमेची मोठी काच, बाहेर सावली करायची सोय नाही आणि दुपारी एसी लागतोय. या चार गोष्टी एकत्र असतील तर फिल्म घ्यायला हरकत नाही.

फुकटचा उपाय एसीच्या रिमोटवर आहे. ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सीच्या म्हणण्यानुसार एसीचं तापमान एक अंशाने वाढवलं की सुमारे ६ टक्के वीज वाचते. म्हणूनच १ जानेवारी २०२० पासून स्टार लेबल असलेल्या एसीत सुरुवातीचं तापमान २४ अंश ठेवणं बंधनकारक झालं. एसीवर महिन्याला ३०० युनिट जळत असतील तर २२ ऐवजी २४ वर ठेवल्याने तीन महिन्यांत शंभरेक युनिट वाचतात. म्हणजे वरच्या उदाहरणातल्या फिल्मइतकेच. फिल्म लावून अंगावरचं ऊन थांबलं की २४ किंवा २६ वरही बरं वाटतं, त्यामुळे हे दोन्ही उपाय एकमेकांना पूरक आहेत.

पण हा खर्च घर घेणाऱ्यानेच का करायचा?

मुळात एवढी काच आली कुठून? गोव्यातल्या जुन्या घरांच्या खिडक्यांना शिंपल्याचे पातळ तुकडे बसवलेले असत. उजेड यायचा, पण मऊ होऊन. मुंबईच्या मरिन ड्राइव्हवरच्या आर्ट डेको इमारतींना खिडक्यांवर सलग छज्जे आहेत. वाड्यांच्या भिंती जाड आणि खिडक्या लहान होत्या. ही मंडळी एसीशिवाय राहायची, म्हणून ऊन बाहेर थांबवणं घर बांधणाऱ्याचं काम होतं.

आजच्या टॉवरमध्ये फरशीपासून छतापर्यंतची काच हा विक्रीचा मुद्दा असतो. काच कोणती, तिचा एसएचजीसी किती, हे ब्रोशरमध्ये शोधूनही सापडत नाही. साधी काच लावली तर बिल्डरचा खर्च वाचतो. त्या काचेतून येणाऱ्या उन्हाचं बिल पुढची तीस वर्षं राहणारा भरतो. मग तोच एक मोठा एसी घेतो, नंतर फिल्म घेतो.

नियम नाहीत असं नाही. केंद्र सरकारने डिसेंबर २०१८ मध्ये 'इको-निवास संहिता' आणली. निवासी इमारतीच्या भिंती आणि खिडक्यांमधून आत येणाऱ्या उष्णतेचं सरासरी प्रमाण दर चौरस मीटरला १५ वॅटच्या वर जाऊ नये, असं ती सांगते. थंड प्रदेश सोडला तर सगळीकडे हीच मर्यादा आहे. २०२२ मध्ये ऊर्जा संवर्धन कायद्यात दुरुस्ती करून मोठ्या निवासी इमारतीही त्याच्या कक्षेत आणल्या गेल्या. पण बांधकाम परवानगी देणं राज्य आणि पालिकांच्या हातात आहे. संहिता किती काटेकोरपणे लागू होते, ते तिथे ठरतं.

मार्च २०१९ मध्ये जाहीर झालेल्या भारताच्या कूलिंग अ‍ॅक्शन प्लॅननुसार त्या वेळी देशातल्या सुमारे ८ टक्के घरांतच एसी होता. म्हणजे एसी घेणारी बहुसंख्य घरं अजून यायची आहेत. ती घरं उन्हाला दार उघडं ठेवून बांधली गेली, तर प्रत्येक उन्हाळ्यात विजेची मागणी आणि प्रत्येक घराचं बिल वाढत राहणार.

मुंबई, ठाणे आणि पुण्यात सध्या जुन्या सोसायट्यांचा पुनर्विकास जोरात सुरू आहे. बिल्डरशी बोलणी होतात ती कार्पेट एरिया, कॉर्पस फंड आणि पार्किंगवर. त्या यादीत तीन ओळी वाढवता येतील. पश्चिमेच्या खिडक्यांना कोणती काच आणि तिचा एसएचजीसी किती? खिडक्यांना बाहेरून सावलीची काय सोय? आणि इमारत इको-निवास संहितेच्या मर्यादेत बसते का?

करारावर सह्या होण्याआधी हे प्रश्न विचारायला पैसे लागत नाहीत. ताबा मिळाल्यावर मात्र त्यांचं उत्तर प्रत्येकाला आपापल्या खिशातून, चौरस फुटाच्या दराने विकत घ्यावं लागतं.